निबंध वाचणार कोण?

एल्फिन्स्टन कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याने निबंध लिहिला. मराठ्यांचा राज्यकारभार आणि इंग्रजांचा राज्यकारभार यांची त्यात तुलना होती, आणि पारडं मराठ्यांकडे झुकलेलं होतं. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी विद्यार्थ्याला बोलावून घेतलं. ज्या सरकारच्या पैशावर शिकतोस त्यालाच नावं ठेवतोस, अशा अर्थाची कानउघाडणी केली आणि सहा महिने त्याची शिष्यवृत्ती बंद केली. विद्यार्थ्याचं नाव महादेव गोविंद रानडे. त्यांच्या चरित्रांत ही हकीकत येते, आणि बहुतेक वेळा ती तरुण रानड्यांच्या बाणेदारपणाचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात भलतीच गोष्ट दिसते. ग्रँटसाहेबांनी निबंध वाचला होता. मुद्दा नीट समजला होता, म्हणून तर तो झोंबला.

आज बीएमएस, एमबीए, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांपैकी काहीही शिकणाऱ्या पोराला विचारा. 'असाइनमेंट' आणि 'सबमिशन' हे शब्द त्याच्या तोंडात सतत असतात. आपलं लिहिलेलं कुणी वाचलं का, हा प्रश्न मात्र त्याला पडत नाही. दिलं, सही घेतली, सुटलो. विषय द्यायचा, मुलाने घरी बसून, पुस्तकं चाळून काही पानं लिहून आणायची आणि त्यावर मार्क द्यायचे, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की ती जगाच्या आरंभापासून चालत आली असावी असं वाटतं. प्रत्यक्षात तिचं वय दीडशे-दोनशे वर्षांपलीकडे जात नाही. आणि तिचे पूर्वज एका घराण्यातलेही नाहीत. कुणी इंग्रज, कुणी जर्मन, कुणी अमेरिकन. एक लांबचा चुलता तर चिनी.

युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत पदवी मिळायची ती तोंडाच्या जोरावर. एकाने पक्ष मांडायचा, दुसऱ्याने तो खोडायचा, वर बसलेल्याने निवाडा द्यायचा, आणि हे सगळं लॅटिनमध्ये. आपल्या शास्त्रार्थाहून हे फार वेगळं नव्हतं. पेशव्यांच्या पुण्यात श्रावणात दक्षिणा वाटली जाई, तेव्हा दूरदूरचे शास्त्री येत आणि विद्वत्तेचा कस पाहून कुणाच्या पदरात किती घालायचं ते ठरे. राज्य गेल्यावर इंग्रजांनी त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी नेमून मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसं सुरू केली. बोलणाऱ्याचा पैसा लिहिणाऱ्याकडे वळला तो असा. केंब्रिजमध्येही हेच चाललं होतं. गणिताचे प्रश्न कागदावर सोडवून घ्यायची पद्धत तिथे अठराव्या शतकात रुजली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लॅटिन वादविवाद बंद पडले. कागदाचा फायदा उघड होता. एकच प्रश्न एकाच वेळी शंभरांना विचारता येत होता.

हा फायदा चिनी लोकांनी शेकडो वर्षं आधी ओळखला होता. सरकारी नोकरीसाठी तिथे लेखी परीक्षा होत, आणि मिंग राजवटीपासून त्यांत 'आठ पायांचा निबंध' लिहावा लागे. विषय कन्फ्यूशियस परंपरेच्या चार ग्रंथांतला, भाग ठरलेले, मधल्या भागांत जोडीजोडीने तोलून लिहिलेली वाक्यं. परीक्षकाने अक्षरावरून उमेदवार ओळखू नये म्हणून कारकून बसवलेले असत. उमेदवार काळ्या शाईने लिही, कारकून ती उत्तरपत्रिका लाल शाईने नकलून काढी, आणि परीक्षकापुढे जाई ती लाल प्रत. यापेक्षा निःपक्षपाती व्यवस्था कुठली? पण लिहिणारा आणि वाचणारा एकमेकांना इतके अनोळखी झाले की मधल्या जागेत दुकान उभं राहिलं. उत्तीर्ण झालेल्यांचे नमुना निबंध छापून विकण्याचा धंदा तिथे भरभराटीला आला. अस्तराच्या कापडावर बारीक अक्षरांत निबंध उतरवून आत न्यायचे प्रकारही होते. तसले कपडे संग्रहालयांत आजही पाहायला मिळतात. ही परीक्षापद्धती १९०५ मध्ये मोडीत निघाली. गाइड मात्र जगभर राहिलं.

ऑक्सफर्डचा रस्ता नेमका उलटा. तिथे एकोणिसाव्या शतकात ट्युटोरिअलची रीत पक्की झाली. आठवड्याला एक निबंध लिहायचा आणि तो गुरुजींच्या खोलीत जाऊन, त्यांच्यासमोर बसून, मोठ्याने वाचून दाखवायचा. बॅलिऑल कॉलेजातले बेंजामिन जॉवेट या बाबतीत दंतकथा होऊन बसले. स्वतःचंच फुसकं वाक्य स्वतःच्या तोंडाने वाचताना जीभ अडखळते, आणि समोरचा माणूस नुसता 'हं' म्हणाला तरी पुढचा परिच्छेद गळ्याशी येतो. इथे गाइड चालत नाही. छापील निबंध वाचून दाखवता येईलही, पण दुसऱ्या मिनिटाला 'म्हणजे काय?' असं विचारलं की संपलं. १९२० मध्ये ऑक्सफर्डने तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र बांधून नवा अभ्यासक्रम काढला, तेव्हा सामाजिक शास्त्रांतल्या निबंधालाही हीच शिस्त लागली.

अलेक्झांडर ग्रँट याच बॅलिऑलमध्ये शिकलेले. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे अभ्यासक म्हणून नाव मिळवून ते हिंदुस्थानात आले होते. विद्यार्थ्याचा निबंध म्हणजे मनावर घ्यायची गोष्ट, हे त्यांच्या हाडीमाशी होतं. त्यांनी रानड्यांना खोलीत बोलावलं ते बॅलिऑलच्या सवयीने. शिष्यवृत्ती तोडली ती साहेबाच्या अधिकाराने.

पण ज्या मुंबई विद्यापीठासाठी ग्रँट मुलं तयार करत होते ते ऑक्सफर्डच्या धर्तीवर नव्हतंच. १८५७ ची आपली तिन्ही विद्यापीठं, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास, लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेली होती, आणि लंडन विद्यापीठ तेव्हा परीक्षा घेऊन पदव्या देणारी कचेरी होती. शिकवायचं कॉलेजांनी, तपासायचं विद्यापीठाने. १८६२ मध्ये मुंबईचे पहिले बी.ए. बाहेर पडले: रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चार जणांच्या उत्तरपत्रिका कुणीही मन लावून वाचेल. पुढे चारांचे चारशे आणि चारशेचे लाखो झाले. रचना तीच राहिली. १९०२ च्या विद्यापीठ आयोगाने तक्रार केली की इथे शिकवणं परीक्षेच्या दावणीला बांधलं गेलं आहे. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने तर सांगून टाकलं की एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षेतली सुचवू.

तिसरा पूर्वज जर्मन. बर्लिनमध्ये लिओपोल्ड फोन रांके यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशात इतिहासाचा सेमिनार चालवला. मोजके विद्यार्थी एका टेबलाभोवती बसत. मूळ कागदपत्रं पुढ्यात घ्यायची, आपला निष्कर्ष लिहून आणायचा, बाकीच्यांनी तो फाडायचा. विधान केलंस तर पुरावा कुठला, हे खाली लिही. विद्यार्थी जिला तळटीप म्हणून शिव्या घालतात ती या टेबलावरची शिस्त. जर्मनीत शिकून आलेल्या अमेरिकनांनी ती घरी नेली. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ १८७६ मध्ये सुरू झालं ते याच वाटेने, कोलंबियाही मागे राहिलं नाही, आणि मग सत्राच्या शेवटी द्यायचा 'टर्म पेपर' अमेरिकेच्या कॉलेजाकॉलेजांत पसरला. जाता जाता सांगायला हवं: लीड्सला किंवा डब्लिनला एम.एस्सी. मॅनेजमेंट करायला गेलेली आपली मुलं कंसात लेखकाचं नाव आणि साल टाकून 'हार्वर्ड रेफरन्सिंग' करतात, त्याचा उगम व्यवस्थापनशास्त्रात नाही. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये बिनशंखाच्या गोगलगायीवर शोधनिबंध लिहिला. संदर्भ देण्याची ही रीत त्यातून रूढ झाली.

या सेमिनारच्या टेबलावर लिहिला गेलेला सर्वांत मोलाचा मराठी माणसाचा निबंध कोणता, असं विचारलंत तर उत्तर द्यायला मला वेळ लागणार नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी एक पेपर वाचला. विषय हिंदुस्थानातल्या जाती: त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. आपण त्याकडे महापुरुषाचा ग्रंथ म्हणून बघतो, आणि ते बरोबरच आहे. पण घटकाभर तो विद्यार्थ्याची असाइनमेंट म्हणून वाचा. असाइनमेंट कशी लिहावी याचा दुसरा इतका चांगला धडा मला माहीत नाही.

सुरुवात व्याख्यांनी होते. आपली मुलंही व्याख्यांनीच सुरुवात करतात, पण चार विद्वानांच्या चार व्याख्या एकाखाली एक उतरवून पुढे सरकतात. आंबेडकर सनार, नेस्फील्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या घेतात आणि एकेकीला धारेवर धरतात: ही कशात अपुरी, ती कशात भरकटलेली. केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. कॉर्नेलमध्ये शिकत असताना लिहिलेलं त्यांचं जातिसंस्थेच्या इतिहासावरचं पुस्तक १९०९ मध्ये इथाकाला निघालं होतं. अमेरिकेतल्या एका मराठी विद्यार्थ्याने लिहिलेलं पुस्तक सात वर्षांनी दुसरा मराठी विद्यार्थी अमेरिकेतच तपासायला घेतो. केतकरांना ते इतरांपेक्षा जास्त मान देतात, कारण त्यांनी जातीकडे सुटी वस्तू म्हणून न पाहता व्यवस्थेचा भाग म्हणून पाहिलं. पण केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणं, जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्माने मिळणारं सभासदत्व, ही मुळात दोन नाहीतच, असं ते दाखवतात. बाहेर लग्न बंद केलं की बाहेरून आत येणं आपोआप बंद होतं.

मग हातात एकच किल्ली उरते: जातीतल्या जातीत लग्न. ती घेऊन ते रूढींची कुलपं उघडत जातात. जातीत लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष जोडीजोडीने असले तरच ही बंदी टिकेल. नवरा वारला तर एक बाई जास्त झाली. तिला जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको वारली तर एक पुरुष जास्त झाला. पण त्याला जाळता येत नाही, तो जातीला हवा असतो. मग त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी शोधा. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी, ज्यांच्याबद्दल लोक नुसते हळहळत किंवा नुसते त्यांचा गौरव करत, त्या एका हिशेबात बसतात. हा हिशेब वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो लिहिणारा कुठेही आवाज चढवत नाही. शेवटी आपली उपपत्ती टिकण्याजोगी नाही असं कुणी पटवून दिलं तर ती सोडून द्यायची तयारीही तो दाखवतो. टेबलाभोवतीच्या माणसांसमोर वाचायचं आहे, ती विचारणार आहेत, हे प्रत्येक पानावर जाणवतं.

याच आंबेडकरांचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांना आधी पचला नाही, तो पुन्हा लिहून द्यावा लागला, असं चरित्रकार सांगतात. १९२३ मध्ये त्याचं पुस्तक झालं तेव्हा त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, आणि त्या प्रस्तावनेतच आपले मतभेद सांगून टाकले. मत पटत नाही म्हणून एक प्राध्यापक शिष्यवृत्ती तोडतो, दुसरा प्रस्तावना लिहितो. दोघांनीही वाचलेलं असतं.

मुंबईतही असा वाचक एकदा लाभला. विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये स्थापन झाला तो पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराच्या हाताखाली. त्यांच्या व्याख्यानांना मालवणकडचा एक संस्कृतचा एम.ए. येऊन बसे, गोविंद सदाशिव घुर्ये. मुंबई हे नगरकेंद्र कसं घडलं यावर घुर्ये यांनी गेडिसना निबंध लिहून दिला, आणि त्या निबंधावर त्यांना परदेशी शिकायची शिष्यवृत्ती मिळाली. केंब्रिजहून परत येऊन १९२४ पासून त्यांनी मुंबईचा विभाग हाती घेतला आणि त्यातून देशातल्या समाजशास्त्रज्ञांची एक अख्खी पिढी तयार झाली. धनंजयराव गाडगिळांचं हिंदुस्थानच्या औद्योगिक वाटचालीवरचं गाजलेलं पुस्तकही मुळात केंब्रिजच्या एम.लिट.साठी लिहिलेला प्रबंध.

वाणिज्याची गोष्ट निराळी. मुंबईत सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्ये निघालं खरं, पण तिथे निबंधापेक्षा खतावणी आणि कायदा यांना मान होता. व्यवस्थापनाच्या असाइनमेंटचं मूळ हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये सापडतं. ते १९०८ चं. १९१९ मध्ये वॉलेस डोनम तिथे डीन झाले. ते कायद्याचे पदवीधर, आणि हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये १८७० पासून खटले समोर ठेवून कायदा शिकवायची पद्धत होती. धंद्यात खटल्याच्या जागी कंपनी आली. १९२१ मध्ये 'जनरल शू कंपनी'ची केस तयार झाली आणि त्यानंतर कंपन्यांची रांगच लागली. या केसच्या असाइनमेंटने निबंधाचा प्रश्नच बदलला. समाजशास्त्र विचारतं, 'हे असं का आहे? चर्चा करा.' केस विचारते, 'तुम्ही मॅनेजर आहात. सोमवारी सकाळी काय कराल?' 'एकीकडे असं, दुसरीकडे तसं' म्हणून इथे सुटका नाही. हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना केसवरचा लेखी अहवाल शनिवारी रात्री ठरल्या वेळेच्या आत पेटीत टाकावा लागे. वेळ टळली की टळली. अहमदाबादचं आयआयएम १९६१ मध्ये हार्वर्डच्या सहकार्याने उभं राहिलं, आणि ही रीत 'वॅक' या नावाने तिथे आली. हातात पानं घेऊन पेटीकडे धावत सुटणारी मुलं हा तिथल्या आठवणींचा ठरलेला भाग.

एवढे पूर्वज, आणि वारस असा का निघाला?

एक कारण मार्कांचं. निबंधाला मार्क द्यायचे म्हणजे काय, हा पेच फार जुना. अर्थशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८८ मध्येच परीक्षेच्या निकालात नशिबाचा वाटा किती, याची आकडेमोड केली होती. १९३५ मध्ये फिलिप हार्टॉग आणि ई. सी. ऱ्होड्स यांनी तर परीक्षकांचीच परीक्षा घेतली. हे हार्टॉग म्हणजे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. १९२९ चा शिक्षणविषयक हार्टॉग अहवाल तो त्यांचाच. त्यांनी इतिहासाच्या, एकसारखे मध्यम मार्क पडलेल्या पंधरा उत्तरपत्रिका पंधरा परीक्षकांकडून तपासून घेतल्या आणि वर्ष-दीड वर्षाने पुन्हा त्यांच्याकडेच पाठवल्या. चौदा जणांचे दुसऱ्या खेपेचे निर्णय हाती आले, एकूण २१०. त्यांतल्या ९२ वेळा त्याच परीक्षकाने त्याच उत्तरपत्रिकेवर आपलाच पहिला निर्णय फिरवला होता. कधी नापासाचा पास, कधी पासाचा नापास, कधी श्रेणीच वेगळी.

यावर दोन उपाय होते. वाचक नीट तयार करायचा, किंवा वाचायची गरजच कमी करायची. आपण दुसरा पत्करला. मोठ्या प्रश्नाचे तुकडे झाले. 'सविस्तर चर्चा करा' च्या जागी 'टिपा लिहा (कोणत्याही चार)' आलं. मॉडेल उत्तर आलं. त्यातले मुद्दे उत्तरपत्रिकेत दिसले की टिकमार्क. पोरं हुशार असतात. त्यांनी ओळखलं की परीक्षक मुद्द्यांची शीर्षकं तेवढी बघतो, म्हणून शीर्षकं अधोरेखित करायची आणि खाली काहीही भरायचं. पुरवण्या जितक्या जास्त तितके मार्क जास्त, ही श्रद्धाही त्यातूनच आली, आणि ती सर्वस्वी खोटी आहे असं कॅप सेंटरमध्ये, म्हणजे उत्तरपत्रिका तपासायच्या केंद्रात, दिवसभर गठ्ठे उपसून आलेला माणूस छातीवर हात ठेवून सांगणार नाही. 'टीकात्मक परीक्षण करा' या प्रश्नाखाली फायदे आणि तोटे अशा दोन याद्या लिहायच्या, हे तर आता मराठी विद्यार्थ्याच्या रक्तात आहे. तोच विद्यार्थी इंग्लंडात जाऊन साडेतीन हजार शब्दांचा निबंध त्याच याद्यांनी भरतो आणि 'वर्णन पुष्कळ, युक्तिवाद नाही' असा शेरा घेऊन गोंधळात पडतो. इतकी माहिती दिली, मग चुकलं काय? चुकलं हे, की तिथला परीक्षक विचारत होता, 'तुझं म्हणणं काय?' आणि हा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

पहिला उपाय अगदीच कुणी केला नाही असं नाही. इंग्लंडचं ओपन युनिव्हर्सिटी १९७१ मध्ये शिकवू लागलं तेव्हा समोर वर्ग नव्हता. कामगार, गृहिणी, परिचारिका घरी बसून शिकत होत्या. त्यांच्यासाठी 'ट्यूटर मार्क्ड असाइनमेंट' काढली गेली. निबंध टपालाने जायचा, ट्यूटर मार्कांबरोबर सविस्तर शेरा लिहून तो परत पाठवायचा. शिकवण्याचं खरं काम त्या शेऱ्यात होई. ऑक्सफर्डच्या खोलीतली खुर्ची पाकिटात घालून घरोघर पाठवण्याचाच हा प्रयत्न होता. १९८५ मध्ये निघालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने टीएमए ही अक्षरं जशीच्या तशी उचलली, आणि १९८९ मध्ये नाशिकला आलेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात 'गृहपाठ' आला. कल्पना उत्तम. पण शेरा लिहिणाऱ्या माणसाला वेळ आणि पैसा द्यावा लागतो, हा तिच्यातला भाग वाटेत गळला. मग सोडवलेल्या असाइनमेंटांच्या झेरॉक्स प्रती मिळू लागल्या, नुसत्या आपल्या अक्षरात उतरवून काढायच्या. आपण स्वतःच कारकून झालो, आणि स्वतःच्या अक्षरात दुसऱ्याचा निबंध नकलू लागलो.

मुंबईच्या बीएमएसवाल्यांचं 'ब्लॅक बुक' बघा. कॉलेजच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानात ते बांधून मिळतं. काळा रेग्झिनचा पुठ्ठा, त्यावर सोनेरी ठशात विद्यार्थ्याचं नाव, मार्गदर्शकाचं नाव, वर्ष. आत पहिलं पान शीर्षकाचं, मग प्रमाणपत्र, मग हा प्रकल्प सर्वस्वी माझाच असल्याचं प्रतिज्ञापत्र, मग ऋणनिर्देश. त्यात आईवडील, प्राचार्य, ग्रंथपाल सगळे येतात. मग प्रकरणं. मग गूगल फॉर्मवर मित्रांकडून भरून घेतलेली प्रश्नावली आणि तिचे रंगीत पाय चार्ट. दुकानदाराला फॉरमॅट तोंडपाठ असतो. समासात किती जागा, कुठल्या पानावर सही, हे तो मार्गदर्शकापेक्षा खात्रीने सांगतो. पुस्तक छातीशी धरून फोटो काढला जातो. एवढ्या सगळ्यात ते पुस्तक कुणी उघडलंच तर व्हायवाच्या वेळी, आणि बहुधा ऋणनिर्देशाच्या आसपास.

जिथे वाचणारा नाही तिथे लिहिणारा भाड्याने मिळणार, हे चीनने दाखवलंच होतं. इंटरनेटने तो धंदा जगभर नेला. पैसे लंडनच्या विद्यार्थ्याचे आणि रात्रभर जागून निबंध लिहिणारा नैरोबीचा बेकार पदवीधर, अशी साखळी उभी राहिली. आयर्लंडने २०१९ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणि इंग्लंडने २०२२ मध्ये या धंद्याविरुद्ध कायदे केले. चोरी पकडायला १९९८ पासून टर्निटिन हे सॉफ्टवेअर होतंच. आपल्याकडे यूजीसीने २०१८ मध्ये नियम काढले: साधर्म्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर माफ, चाळीसपर्यंत सहा महिन्यांत दुरुस्त करून द्या, साठपर्यंत वर्षभर थांबा, साठच्या वर नोंदणी रद्द. हेतू चांगला. परिणाम असा की प्रबंध हातात आला की मार्गदर्शक आधी टक्केवारी बघू लागले. मुलं दुसऱ्याच्या वाक्यातले शब्द बदलून तेरा टक्क्यांचे नऊ करायला शिकली. विचार कुणाचा, हे त्या आकड्यात येत नाही. आणि मग ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅट-जीपीटी आलं. ते सहसा कुणाचं वाक्य जसंच्या तसं उचलत नाही, त्यामुळे टक्केवारी बहुधा कमीच राहते. प्रस्तावना, फायदे, तोटे, समारोप हा साचा त्याला कुणी शिकवायची गरज पडली नाही. आपणच तो वर्षानुवर्षं घोटून तयार ठेवला होता. आता मूल यंत्राकडून लिहवून घेतं, गुरुजी यंत्राकडून तपासून घेतात.

पुष्कळ विद्यापीठं पुन्हा वर्गात बसवून हाताने लिहून घेऊ लागली आहेत, तोंडी परीक्षा घेऊ लागली आहेत. आपल्याकडेही सेमिनारांत आणि परिपत्रकांत तोंडीवर भर द्यावा असं म्हटलं जातं. म्हणणाऱ्यांनी एकदा हिशेब करावा. साठ मुलांचा वर्ग आहे. प्रत्येकाचा दोन हजार शब्दांचा निबंध वाचून, समासात दोन ओळी लिहून, मुलाला समोर बसवून एक-दोन प्रश्न विचारायचे तर माणशी वीस मिनिटं हवीत. म्हणजे एका असाइनमेंटचे वीस तास. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत आज यातलं बरंच काम तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या अंगावर आहे. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचे. दोन-तीन कॉलेजं करून, लोकलने किंवा एसटीने घरी पोचल्यावर त्यांनी रात्री वाचलेल्या निबंधांचे वीस तास कुठल्याच बिलात भरता येत नाहीत. त्यामुळे ते गेल्या वर्षीचाच विषय फळ्यावर लिहितात, आणि मुलं गेल्या वर्षीचाच निबंध आणून देतात.